स्टीव्हनसनला दोनदा हरवूनही ऑलिम्पिकबाहेर: इगोर विसोत्स्की, एक प्रकरण अभ्यास

प्रकरण कशाबद्दल आहे

इगोर विसोत्स्की हा सोव्हिएत संघाचा हौशी हेवीवेट, म्हणजे सर्वांत जड वजनगटातला, बॉक्सर. क्यूबाच्या तेओफिलो स्टीव्हनसनशी तो १९७३ मध्ये क्यूबात आणि १९७६ मध्ये मिन्स्कमध्ये लढला आणि दोन्ही वेळा जिंकला. स्टीव्हनसनने १९७२, १९७६ आणि १९८० अशी लागोपाठ तीन ऑलिम्पिक सुवर्णपदके जिंकली आणि १९७४, १९७८ व १९८६ असे तीन वेळा विश्वविजेतेपदही मिळवले. हौशी हेवीवेटमध्ये त्या काळी त्याच्या बरोबरीचा कोणी नव्हता. अशा बॉक्सरला दोनदा हरवणारा विसोत्स्की मात्र ऑलिम्पिकच्या रिंगमध्ये एकदाही उतरला नाही.

या गोष्टीकडे बहुतेक वेळा दुर्दैव म्हणून पाहिले जाते. भुवया फुटत राहिल्या आणि संधी हुकली, एवढ्यावर ती संपवली जाते. मला ते पुरेसे वाटत नाही. विसोत्स्कीला स्टीव्हनसनवर विजय मिळवून देणारी शैली आणि त्याच्या भुवया फोडणारी शैली एकच होती. त्यामुळे त्याची तयारी, त्याची जखम आणि त्याची निवड हे तीन वेगळे विषय नव्हतेच, त्यांचा विचार एकत्र व्हायला हवा होता. हे प्रकरण मांडण्यामागे माझा हेतू तेवढाच आहे. ज्या खेळाडूंची नावे सार्वजनिक नोंदीत आहेत ती येथे दिली आहेत. डॉक्टर, निवड समितीचे सदस्य आणि संघाचे अधिकारी यांना अनाम ठेवले आहे. पर्यायांची चर्चा ही त्या काळचे नियम आणि परिस्थिती ध्यानात घेऊन केलेली माझी मांडणी आहे.

पार्श्वभूमी

विसोत्स्कीचा जन्म १० सप्टेंबर १९५३ रोजी मगादान प्रांतातल्या यागोदनोये या गावी झाला. हा कोलिमाचा प्रदेश. सोन्याच्या खाणी, स्टालिनच्या काळातल्या श्रमछावण्या आणि उणे चाळीसच्याही खाली जाणारा हिवाळा यांसाठी तो ओळखला जातो. मगादानच्या आणि मॉस्कोच्या घड्याळांत आठ तासांचे अंतर आहे. देशाच्या अशा टोकाला वाढलेल्या मुलाला चांगले सरावाचे जोडीदार मिळणे अवघड होते, आणि मोठ्या स्पर्धेसाठी प्रत्येक वेळी अर्धा खंड ओलांडावा लागे. घरात मात्र बॉक्सिंग होते. वडील याकोव्ह विसोत्स्की हे स्वतः बॉक्सर आणि प्रशिक्षक होते, आणि मुलाचे पहिले गुरूही तेच.

सोव्हिएत संघातला हेवीवेट गट त्या वेळी कोणत्या अवस्थेत होता, हे पाहिल्याशिवाय पुढचे निर्णय समजत नाहीत. सोव्हिएत संघ १९५२ मध्ये हेलसिंकीत प्रथमच ऑलिम्पिकमध्ये उतरला. त्या वर्षी हेवीवेटमध्ये गेलेला लिथुएनियाचा आल्गिर्दास शोत्सिकास पहिल्याच लढतीत हरला. पुढे हाच शोत्सिकास दोनदा युरोपीय विजेता झाला. १९५६ मध्ये मेलबर्नला लेव मुखिन अंतिम फेरीपर्यंत पोचला आणि तिथे अमेरिकेच्या पीट राडेमाकरने त्याला पहिल्याच फेरीत संपवले. १९६० मध्ये तीन युरोपीय विजेतेपदांचा धनी आंद्रेई अब्रामोव्ह रोममध्ये यजमान इटलीच्या फ्रँको दे पिक्कोलीकडून हरला. १९६४ मध्ये वादिम येमेल्यानोव्हला जो फ्रेझरने उपांत्य फेरीत थोपवले, १९६८ मध्ये योनास चेपुलिस अंतिम फेरीत जॉर्ज फोरमनसमोर पडला, आणि १९७२ मध्ये म्युनिकला युरी नेस्तेरोव्ह अमेरिकेच्या ड्वेन बॉबिककडून गुणांवर हरला. इतर वजनगटांत सुवर्णपदके जिंकणाऱ्या या देशाला हेवीवेटचे ऑलिम्पिक सुवर्ण मिळालेच नाही, तेव्हाही नाही आणि पुढे देश अस्तित्वात असेपर्यंतही नाही. संघाच्या व्यवस्थापनावर या इतिहासाचे ओझे होते.

दुसरी बाजू क्यूबाची. क्यूबाच्या बॉक्सिंगची घडी आल्सिदेस सागारा यांनी बसवली, आणि तिच्या उभारणीत सोव्हिएत प्रशिक्षक आंद्रेई चेर्वोनेन्को यांचा मोठा हात होता. स्टीव्हनसन त्याच मुशीतून घडला. म्हणजे सोव्हिएत प्रशिक्षक ज्या कोड्याची उकल शोधत होते, ते घडवण्यात त्यांच्याच शाळेचा वाटा होता. स्टीव्हनसन सव्वासहा फुटांहून उंच होता. त्याची पद्धत दिसायला साधी होती. डाव्या हाताचा लांब जॅब (सरळ, झटपट ठोसा) मारत तो प्रतिस्पर्ध्याला दूर ठेवी, त्याचे अंतर मोजून घेई आणि मग उजव्या हाताचा सरळ ठोसा सोडी. हा ठोसा नीट बसला की लढत बहुधा तिथेच संपत असे.

१९७३: पहिली गाठ

१९७३ मध्ये क्यूबातल्या कोर्दोवा कार्दिन स्मृती स्पर्धेत विसोत्स्की आणि स्टीव्हनसन समोरासमोर आले. म्युनिकच्या सुवर्णपदकाला तोवर वर्षही झाले नव्हते किंवा जेमतेम झाले होते. प्रेक्षक स्टीव्हनसनचे, रिंग त्याच्या देशातली, आणि समोर विशीच्या उंबरठ्यावरचा, त्याच्यापेक्षा बऱ्यापैकी बुटका सोव्हिएत मुलगा. निकाल विसोत्स्कीच्या बाजूने गुणांवर लागला. यजमान विजेत्याविरुद्ध त्याच्याच अंगणात गुणांवर जिंकण्यासाठी फरक कुणालाही नाकारता येणार नाही इतका ठळक असावा लागतो, म्हणून मला हा निकाल १९७६ च्या नॉकआउटइतकाच, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला खाली पाडून मिळवलेल्या विजयाइतकाच, मोलाचा वाटतो.

विसोत्स्कीने काय केले, हे जवळून पाहण्यासारखे आहे. उंच बॉक्सरसमोर बुटका बॉक्सर मागे सरकत राहिला तर तो जॅबच्या टोकावर राहतो, म्हणजे नेमका प्रतिस्पर्ध्याला हवा त्या जागी. विसोत्स्की याच्या उलट वागे. हनुवटी छातीशी टेकवून आणि गुडघे वाकवून तो डोके सतत एका खांद्याकडून दुसऱ्या खांद्याकडे हलवत ठेवी, जॅब डोक्यावरून जाऊ देई, आणि तो हात परत जाण्याच्या आत त्याच्या आतल्या बाजूला शिरे. एकदा आत शिरले की लांब हातांचा उपयोग संपतो. स्टीव्हनसनच्या उजव्या ठोशाला लागणारी जागाच उरत नाही. तिथून बरगड्यांवर आणि मग डोक्याकडे वळणारे आखूड हुक (कोपर वाकवून बाजूने मारलेले ठोसे) मारायचे, आणि प्रतिस्पर्ध्याने मिठी मारण्याआधी पुन्हा मारायचे. त्याच्या लढती पाहणाऱ्या पुढच्या पिढीला माइक टायसनची आठवण होते, ती याचमुळे.

प्रश्न

या शैलीची किंमत भुवईला मोजावी लागते. भुवईच्या खाली डोळ्याच्या खाचेवरचे हाड धारदार कडेसारखे पुढे आलेले असते आणि त्यावर कातडीचा पातळ थर असतो. ठोसा किंवा समोरच्याचे डोके तिथे आदळले की कातडी हाड आणि हातमोजा यांच्यात चिरडली जाते आणि फुटते. जो बॉक्सर डोके खाली घालून आत शिरतो, त्याचे कपाळ प्रतिस्पर्ध्याच्या कपाळाच्या आणि हनुवटीच्या उंचीवर सारखे येत राहते. टक्कर मुद्दाम मारलेली नसली तरी लागते ती लागतेच. विसोत्स्कीच्या भुवया लवकर फुटत आणि एकदा फुटल्या की पुन्हा पुन्हा फुटत. हे दुखणे त्याच्या साऱ्या कारकिर्दीत त्याच्यासोबत राहिले.

त्या काळच्या हौशी नियमांत अशी जखम फार महागात पडत असे. डोक्याला संरक्षक टोप घालण्याची सक्ती नव्हती. ऑलिम्पिकमध्ये ती १९८४ पासून आली. लढत तीन फेऱ्यांची आणि फेरी तीन मिनिटांची. दोन फेऱ्यांमधल्या एका मिनिटात कोपऱ्यातल्या माणसाला काय काय करावे लागे ते पाहावे. त्याने बॉक्सरला बसवायचे, रक्त पुसायचे, जखमेच्या दोन्ही कडा एकत्र आणून कापसाच्या बोळ्याने दाबून धरायच्या, दाब काढल्यावर रक्त थांबले आहे का ते पाहायचे आणि वर व्हॅसलिनचा थर द्यायचा. हे सारे चालू असताना शेजारी प्रशिक्षक पुढच्या फेरीचे सांगत असतो आणि बॉक्सरला दोन्हींकडे लक्ष द्यावे लागते. दाब लवकर काढला तर घंटा वाजताच रक्त पुन्हा डोळ्यात उतरते. मग पंच डॉक्टरला बोलावतो, डॉक्टर मान हलवतो आणि पुढे असलेला बॉक्सर त्या क्षणी हरतो.

यातून लढत वाचली तरी स्पर्धा वाचेलच असे नाही. प्रत्येक लढतीआधी वैद्यकीय तपासणी होई, आणि चेहऱ्यावरच्या जखमेवर पट्टी बांधून रिंगमध्ये उतरण्याची परवानगी हौशी बॉक्सिंगमध्ये नव्हती. टाके घातलेली भुवई दोन दिवसांत सांधत नाही. कातडी वरून जुळलेली दिसली तरी तीन आठवड्यांनी तिची मजबुती मूळच्या साधारण पाचव्या हिश्श्याइतकीच असते. तीन महिन्यांनी ती सुमारे ऐंशी टक्क्यांपर्यंत जाते आणि बहुधा त्यापुढे जात नाही. म्हणजे जुनी जखम असलेली भुवई कधीच पहिल्यासारखी होत नाही.

तेव्हा प्रश्न असा होता: स्टीव्हनसनला हरवू शकणारा, हे एकदा नव्हे तर दोनदा सिद्ध केलेला बॉक्सर हाताशी आहे, पण अंतिम फेरीपर्यंत त्याची भुवई शाबूत राहील याची खात्री नाही. त्याला पाठवायचे की नाही?

१९७६: मिन्स्क

या प्रश्नाला सगळ्यात जास्त धार आली ती मॉन्ट्रियल ऑलिम्पिकच्या वर्षी. १९७६ मध्ये मिन्स्कला झालेल्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत विसोत्स्की आणि स्टीव्हनसन पुन्हा भेटले. स्टीव्हनसनची कीर्ती तोवर आणखी वाढली होती. १९७४ मध्ये हवानाला झालेल्या पहिल्या जागतिक स्पर्धेत तो विजेता ठरला होता. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये उतरण्यासाठी त्याला मोठाल्या रकमा देऊ केल्या जात होत्या आणि तो त्या नाकारत होता.

विसोत्स्कीने तीच योजना अधिक निर्दयपणे राबवली. पहिल्या घंटेपासून पुढे सरकायचे, जॅबखालून आत जायचे आणि अंतर वाढू द्यायचेच नाही. तिसऱ्या फेरीत स्टीव्हनसन कोसळला आणि लढत थांबली. ज्याला कुणी कधी खाली झोपवत नाही अशी ज्याची ख्याती होती, त्याला झोपवणारा बॉक्सर सोव्हिएत संघाजवळ होता, आणि हे साऱ्या बॉक्सिंग जगाने पाहिले. तेव्हा विसोत्स्कीचे वय बावीस-तेवीस होते.

समोर असलेले पर्याय

ऑलिम्पिकमध्ये एका देशाचा एका वजनगटात एकच बॉक्सर, हा नियम पक्का होता. संघापुढे तीन वाटा होत्या असे मला दिसते.

पहिली वाट म्हणजे विसोत्स्कीला काहीही करून पाठवणे. हा निर्णय एकट्या स्टीव्हनसनकडे पाहून घेतला तर सोपा होता. पण स्टीव्हनसनपर्यंत पोचायला आधी इतर लढती जिंकाव्या लागतात. मॉन्ट्रियलला स्वतः स्टीव्हनसनला सुवर्णासाठी चार लढती द्याव्या लागल्या. कल्पनेसाठी धरू या की एका लढतीत भुवई फुटण्याची शक्यता पाचात एक आहे. हा आकडा मोजलेला नाही, हिशेबापुरता आहे. तरी चारही लढती न फुटता पार पडण्याची शक्यता चाळीस टक्क्यांच्या आसपास येते. उपांत्यपूर्व फेरीत मिळालेली खोक अंतिम फेरीपर्यंत चिकटून राहते हे त्यात धरलेले नाही. ते धरले तर आकडा आणखी खाली येतो.

दुसरी वाट म्हणजे जो सगळ्या लढती धडपणे पार पाडेल असा बॉक्सर पाठवणे. सोव्हिएत संघात हेवीवेटची कमतरता नव्हती. १९७३ मध्ये व्हिक्टर उल्यानिच युरोपीय विजेता झाला होता, व्हिक्टर इवानोव्ह होता, आणि मागून येव्गेनी गोर्स्त्कोव्ह येत होता, ज्याने पुढे १९७७ आणि १९७९ अशी दोन युरोपीय विजेतेपदे मिळवली. या सगळ्यांना ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदकापर्यंत पोचण्याची आशा धरता येत होती, कारण हौशी बॉक्सिंगमध्ये उपांत्य फेरी गाठली की कांस्य पक्के होते. स्टीव्हनसनसमोर मात्र त्यांचे काय होईल, याबद्दल फारसे भ्रम बाळगण्याचे कारण नव्हते.

या दोन वाटांमधला फरक खरे तर उद्दिष्टाचा आहे. सुवर्णच हवे असेल तर विसोत्स्की, आणि कोणतेही पदक चालत असेल तर दुसरा कोणी. सोव्हिएत क्रीडाव्यवस्थेत ऑलिम्पिकचा अनधिकृत सांघिक हिशेब पहिल्या सहा क्रमांकांना ७, ५, ४, ३, २, १ असे गुण देऊन मांडला जाई. अशा हिशेबात तिसरा क्रमांक चार गुण देतो आणि पहिल्याच लढतीत भुवई फुटून परतलेला बॉक्सर काहीच देत नाही. व्यवस्थेचा कल आपोआप सांभाळून खेळण्याकडे झुकतो. त्यात कुणाचा दुष्टावा असावा लागत नाही.

तिसरी वाट वेळेची होती, आणि माझ्या मते तीच सर्वांत कमी विचारात घेतली गेली. विसोत्स्कीच्या भुवईला वर्षाच्या सुरुवातीपासूनच स्पर्धेचे साधन म्हणून जपायचे, ऑलिम्पिकआधी तीन महिने तिच्यावर एकही कडक ठोसा येऊ द्यायचा नाही, आणि त्याची निवड देशांतर्गत स्पर्धेच्या निकालावर न ठेवता आधीच्या कामगिरीवर करायची. अशा खेळाडूला निवड चाचणीच्या चार लढती खेळायला लावणे म्हणजे ऑलिम्पिकसाठी राखून ठेवायची कातडी आधीच खर्च करून टाकणे.

काय घडले

विसोत्स्की मॉन्ट्रियलला गेला नाही. हेवीवेटमध्ये सोव्हिएत संघातर्फे व्हिक्टर इवानोव्ह उतरला आणि त्याला पदक मिळाले नाही. स्टीव्हनसनने उपांत्य फेरीत अमेरिकेच्या जॉन टेटला पहिल्याच फेरीत आडवे केले. अंतिम फेरीत रुमानियाचा मिर्चा सिमोन त्याच्यापासून लांब लांब फिरत राहिला आणि तिसऱ्या फेरीत त्याच्या कोपऱ्यातून टॉवेल आत आला, म्हणजे त्याच्या बाजूने हार मानली गेली. सिमोनची ती लढत विसोत्स्कीच्या मिन्स्कमधल्या लढतीशेजारी ठेवून पाहावी. एकाच प्रतिस्पर्ध्यासमोर एक जण दूर पळून तग धरू पाहत होता, आणि दुसऱ्याने त्याच वर्षी जवळ शिरून त्याला खाली पाडले होते.

मॉन्ट्रियलमध्ये बॉक्सिंगच्या अकरा गटांत सोव्हिएत संघाला एकही सुवर्ण मिळाले नाही. अमेरिकेने पाच नेली, क्यूबाने तीन. संपूर्ण संघासाठीच ते वर्ष वाईट ठरले, त्यामुळे हेवीवेटच्या निर्णयाकडे वेगळे असे कुणी पाहिले नसावे. अपयश सर्वत्र सारखे पसरलेले असले की एकेका निर्णयाची तपासणी राहून जाते.

विसोत्स्की थांबला नाही. १९७८ मध्ये तो सोव्हिएत संघाचा विजेता झाला. ज्या देशात हेवीवेटमध्ये युरोपीय विजेत्यांचीच रांग होती, तिथे हे विजेतेपद हलके नव्हते. अमेरिकेविरुद्धच्या द्विपक्षीय सामन्यांतही तो खेळला. भुवया मात्र पूर्वीसारख्याच फुटत राहिल्या.

१९८० चे ऑलिम्पिक मॉस्कोत, म्हणजे घरच्या प्रेक्षकांसमोर झाले. विसोत्स्की तेव्हा सव्वीस वर्षांचा होता. हेवीवेटसाठी हे वय ऐन उमेदीचे. निवड प्योत्र झायेव्हची झाली. झायेव्ह उंचीने लहान, अंगाने दणकट, आणि सारखा पुढे चालून जाणारा बॉक्सर होता. त्याने अंतिम फेरी गाठली, स्टीव्हनसनसमोर तिन्ही फेऱ्या उभा राहिला आणि पाच पंचांच्या ४-१ अशा निकालाने हरून रौप्यपदक मिळवले. सोव्हिएत संघाला त्या ऑलिम्पिकमध्ये बॉक्सिंगचे एकच सुवर्ण मिळाले, शामिल साबिरोव्हचे, लाइट फ्लायवेटमध्ये. क्यूबाने सहा जिंकली.

झायेव्हच्या निवडीला मी चूक म्हणणार नाही. त्याने दिलेले काम केले आणि स्टीव्हनसनला ऑलिम्पिकच्या अंतिम लढतीत घाम गाळायला लावला. त्याची लढत पाहिली की एक गोष्ट लख्ख दिसते. जवळ शिरण्याची दिशा बरोबर होती. एका पंचाने झायेव्हला विजयी ठरवलेही. कमी होती ती आत शिरल्यावर लढत संपवू शकणाऱ्या आखूड हुकची. विसोत्स्कीजवळ होता तो हाच हुक.

निर्णयाचे टप्पे, आणि वेगळे काय करता आले असते

पहिला टप्पा अगदी सुरुवातीचा, शैली ठरण्याचा. सहा फुटांच्या आसपासच्या हेवीवेटला उंच प्रतिस्पर्ध्यांसमोर आत शिरण्यावाचून पर्याय नसतो, म्हणून वडिलांनी आणि पुढच्या प्रशिक्षकांनी त्याला तसे घडवले हे योग्यच होते. त्याला दुरून लढायला शिकवले असते तर भुवया कदाचित वाचल्या असत्या, पण मग स्टीव्हनसनला हरवणारा बॉक्सरही घडला नसता. बदल करता आला असता तो आत शिरण्याच्या तपशिलात. सरळ रेषेत डोके घालून जाण्याऐवजी पुढचे पाऊल प्रतिस्पर्ध्याच्या पायाच्या बाहेर टाकून जायचे, म्हणजे डोके त्याच्या डोक्याच्या रेषेतून बाजूला पडते. आणि आत पोचल्यावर कपाळ त्याच्या खांद्याला टेकवायचे, हनुवटीखाली नाही. ही सवय लहान वयात लावली तर टक्करी कमी होतात. विशीनंतर, हजारो तासांचा सराव अंगात मुरल्यावर, ती लावणे फार कठीण असते.

दुसरा टप्पा १९७३ नंतरचा. क्यूबातल्या विजयाने संघाला कळले होते की स्टीव्हनसनवर उपाय आहे. मॉन्ट्रियलला तीन वर्षे होती. या काळात विसोत्स्कीकडे एक विशेष प्रकल्प म्हणून पाहता आले असते: वर्षाला ठरावीक इतक्याच लढती, प्रत्येक खोकेनंतर तीन महिन्यांची सक्तीची विश्रांती, सरावात कायम टोप, आणि जुन्या, जाड झालेल्या व्रणाची कुशल शल्यचिकित्सकाकडून दुरुस्ती. सोव्हिएत व्यवस्था जिल्हा, प्रांत, प्रजासत्ताक आणि देश अशा पायऱ्यापायऱ्यांच्या स्पर्धांवर उभी होती. त्या पायऱ्यांनी तिला बॉक्सरांची मोठी फौज दिली, आणि त्याच पायऱ्यांनी एखाद्या नाजूक कातडीच्या बॉक्सरला राखून ठेवणे अवघड केले. सगळ्यांना एकच चाळणी लावणे न्याय्य दिसते. पण ही चाळणी ताकद मोजत होती तितकीच कातडीही मोजत होती, आणि समितीला खरे तर ताकद हवी होती.

तिसरा आणि माझ्या दृष्टीने निर्णायक टप्पा म्हणजे मिन्स्क आणि मॉन्ट्रियल यांच्या एकत्रित हिशेबाचा. मिन्स्कला स्टीव्हनसनशी लढावे की नाही, हा प्रश्नसुद्धा विचारात घेण्यासारखा होता. ऑलिम्पिकच्याच वर्षी आपले सर्वांत धारदार शस्त्र प्रतिस्पर्ध्याला दाखवायचे, आणि तेही भुवई पणाला लावून? विजयाने आत्मविश्वास मिळतो हे खरे, पण १९७३ च्या विजयाने तो आधीच मिळालेला होता. मिन्स्कची लढत टाळली असती तर आज आपल्याला तो नॉकआउट पाहायला मिळाला नसता, आणि बॉक्सिंगवर प्रेम करणाऱ्या मला ते नकोसे वाटते. तरीही केवळ ऑलिम्पिकचा विचार केला तर ती लढत न खेळणे अधिक शहाणपणाचे ठरले असते.

चौथा टप्पा १९७८ नंतरचा. देशाचा विजेता, घरचे ऑलिम्पिक दोन वर्षांवर, आणि प्रतिस्पर्धी तोच. येथे संघाजवळ १९७६ चा धडा होता: सांभाळून केलेल्या निवडीनेही पदक आले नव्हते. म्हणजे ज्या खात्रीसाठी विसोत्स्कीला बाजूला ठेवायचे, ती खात्री मुळात तेवढी पक्की नव्हतीच. हा धडा लक्षात घेऊन विसोत्स्कीला दोन वर्षे लढतींपासून जवळजवळ दूर ठेवून थेट मॉस्कोसाठी तयार करण्याचा धोका पत्करता आला असता. पण चार-पाच वर्षांत कितीदा तरी फुटलेली भुवई तोवर फारच कमकुवत झालेली असणार, आणि ज्या विश्रांतीचा उपयोग १९७४ मध्ये सर्वांत जास्त झाला असता तीच विश्रांती १९७९ मध्ये निम्मीच उपयोगी पडली असती. मोठा निर्णय उशिरा सुचला की त्याची किंमतही घटलेली असते.

नियमांची बाजूही नोंदवायला हवी. १९८४ मध्ये ऑलिम्पिक बॉक्सिंगमध्ये दोन बदल एकदम आले. टोप सक्तीचा झाला, आणि ८१ किलोंच्या वरचा अमर्याद हेवीवेट गट तोडून ९१ किलोंपर्यंतचा हेवीवेट आणि त्यावरचा सुपर हेवीवेट असे दोन गट झाले. एका नियमाने विसोत्स्कीच्या भुवया झाकल्या गेल्या असत्या. दुसऱ्यामुळे त्याच्या अंगकाठीच्या बॉक्सरला स्टीव्हनसनसारख्या धिप्पाडांशी लढावेच लागले नसते. सोव्हिएत संघाने लॉस एंजेलिसवर बहिष्कार टाकला, तसाच क्यूबानेही. त्यामुळे स्टीव्हनसनचे चौथे सुवर्णही तिथेच अडले. विसोत्स्की तेव्हा तिशीत पोचला होता.

पुरुषांच्या हौशी बॉक्सिंगमधला टोप २०१३ मध्ये पुन्हा काढून टाकण्यात आला आणि २०१६ मध्ये रिओला बॉक्सर उघड्या डोक्याने लढले. त्यानंतर भुवया फुटण्याचे प्रमाण वाढले. आता प्रत्येक संघाच्या डॉक्टरकडे खेळाडूच्या प्रत्येक खोकेची तारीख, बाजू, टाक्यांची संख्या आणि सरावात परतण्याचा दिवस यांची नोंद असायला हवी, आणि निवड समितीच्या बैठकीत ती नोंद लढतींच्या निकालांच्या शेजारी ठेवून वाचली जायला हवी. एखाद्या संघात आज आत शिरून लढणारा आणि पातळ कातडीचा हेवीवेट असेल, तर त्याच्या पुढच्या चार वर्षांचे वेळापत्रक आखण्याची वेळ पहिल्या टाक्याच्या दिवशीच आलेली असते.